शमुवेल मास्तरांचा रविवार

आमच्या मंडळीत देवाला खरोखर भिणारा माणूस एकच होता, तो म्हणजे शमुवेल मास्तर. बाकी आम्ही सगळे मास्तरांना भीत होतो आणि त्यालाच देवाचं भय समजत होतो.

माझं गाव चौसाळ्यापासून थोडं आत. गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती आणि वस्तीच्या कडेला देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मिशनच्या साहेबांनी दगडात बांधलेलं, वर पत्रा, आत फरशी आणि फरशीवर लांबलचक सतरंजी. पुढे साहेब लोक मायदेशी गेले, शाळा सरकारकडे गेली, वसतिगृहाला कुलूप लागलं. पाळकसुद्धा गावात राहीनासा झाला. एका पाळकाच्या गळ्यात इतकी गावं होती की तो बिचारा सणासुदीला एसटीतून उतरायचा आणि परतीच्या एसटीची वेळ विचारतच देवळात शिरायचा. मागे उरलं देऊळ आणि उरले मास्तर. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर मंडळीचे पंच होते आणि पाळक नसताना उपासना तेच चालवायचे. म्हणजे वर्षातले बहुतेक सगळेच रविवार तेच चालवायचे.

अंगाने काटक, मान ताठ, पांढऱ्या मिशा, आणि चैत्रातल्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. लोक देवळाच्या पायरीशी चप्पल काढत, मास्तर ती आवाराच्या फाटकाबाहेर काढत. आवारात गोखरूचे काटे मरणाचे. मास्तर त्यातून अनवाणी चालत जात आणि पायात काटा मोडला तरी वाकत नसत. दाराशी आल्यावर उंबऱ्याबाहेर जरा वेळ थांबत. आत कोणी मोठा माणूस बसला आहे आणि 'ये' म्हटल्याशिवाय जायचं नाही, असं ते थांबणं असे. परतताना प्रभूच्या मेजाकडे पाठ करायची नाही म्हणून उलट्या पावली येत. एकदा असेच मागे येताना हार्मोनियमच्या पेटीला अडखळले आणि सतरंजीवर आडवे झाले. पोरं फिदीफिदी हसली. मास्तर उठले, कोट झटकला आणि राहिलेलं अंतर तसंच उलट्या पावली चालून गेले.

त्यांच्या प्रार्थनेत मागणं नसे, आणि हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं. आमच्याकडे माणूस प्रार्थनेला उभा राहिला की पाऊसपाणी, दुखणीखुपणी, पोराची नोकरी, सगळं देवापुढे मांडून मोकळा होतो. मास्तर डोळे मिटत, 'तू पवित्र आहेस' एवढं म्हणत आणि गप्प होत. मग पुन्हा तेच. त्यांचा आवाज दरवेळी थोडा खाली जाई आणि शेवटी नुसते ओठ हलत. मास्तरीणबाई एकदा तापाने फणफणल्या होत्या, वाचतात की नाही अशी वेळ. माझी आई तिथेच बसलेली. मास्तरांनी आपली नेहमीचीच प्रार्थना केली. आई चिडली. ती म्हणाली, मास्तर, बाई बरी होऊ दे एवढं तरी म्हणा की.

"त्याला म्हाईत न्हाई का?" मास्तर म्हणाले. "राजापुढं उभं राहून भाजीपाला मागायचा असतो का?"

बाई बऱ्या झाल्या. आई मात्र कितीतरी दिवस म्हणत होती की या माणसाला देव कळतो, माणूस कळत नाही.

त्या मेजाची एक गोष्ट सांगायला हवी. सागवानी, जाड पायांचं ते मेज गावात एकमेव धडकं मेज होतं. निवडणूक आली तेव्हा मतदानाचं सामान घेऊन आलेल्या साहेबांनी ते मागवलं. सरकारी माणूस, वर सरपंच सोबत. मास्तर दारात उभे राहिले आणि म्हणाले, याच्यावर पाव आणि द्राक्षारसाशिवाय काही ठेवलं जात नाही. साहेबांनी समजावलं, सरपंचांनी आवाज चढवला. मास्तर तिथून निघून घरी गेले, तेव्हा आम्हाला वाटलं की हरले. थोड्या वेळाने मास्तर आणि मास्तरीणबाई दोघं मिळून स्वतःच्या घराचं दार डोक्यावर घेऊन आले. बिजागऱ्यांतून काढलेलं. दोन पिंपांवर ते आडवं टाकलं आणि म्हणाले, घ्या, करा मतदान. थंडीचे दिवस होते. सामान परत जाईपर्यंत मास्तरांच्या घराला दार नव्हतं आणि कुत्री आत येऊन भाकरी पळवत होती. बाई काही बोलल्या नाहीत. त्या घरात बाईंनी काही बोलण्याची पद्धत नव्हतीच.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. मी सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात, 'अशी माणसं आता राहिली नाहीत' म्हणतात. राहिली नाहीत ते बरंच झालं, असं माझ्या तोंडावर येतं आणि मी ते गिळतो.

आमच्या भागाला पाणी नाही. शिरूर कासारकडे तर त्याहून नाही. दसरा झाला की माणसं कोयते घेऊन उसाला जातात, खाली कराड-सांगलीकडे, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या आगेमागे परततात. हिंदू जातात तसे आम्हीही जातो, कोयता काही धर्म विचारत नाही. त्यामुळे नाताळात आमचं देऊळ रिकामं. सगळ्या जगाचा सण, आणि आमची अर्धीअधिक मंडळी फडात. मी राहत होतो, कारण माझा चौसाळ्याला हमरस्त्यावर एसटीडीचा बूथ होता. त्या वर्षांत रस्त्याकडेला नवं जे काही उगवलं, केबलवाला, थंड पेयाचा फ्रीज, त्यातच माझा पिवळा बूथ.

एका नाताळाला सकाळी देवळात गेलो तर आत मास्तर, बाई आणि मी. दोन-चार म्हाताऱ्या थंडीने आल्याच नव्हत्या. मला वाटलं, एक गीत म्हणतील आणि उठतील. मास्तरांनी पूर्ण उपासना घेतली. पाळकाने म्हणायचं आणि मंडळीने उत्तर द्यायचं, असं आमच्याकडे असतं. मास्तर पाळकाचा भाग म्हणत आणि मंडळीच्या उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बरोबर थांबत. मी आणि बाई पुटपुटत होतो, पण ते आमच्यासाठी थांबतच नव्हते. बाहेर आल्यावर मी चेष्टेने विचारलं, मास्तर, कोणी नव्हतं, कुणासाठी थांबत होतात? ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कोणी नव्हतं?" ते म्हणाले. "तो होता की."

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. त्या माणसाला देव समोर दिसत होता. मला त्यांचा हेवा वाटला. आजही त्यांचा राग येतो तेव्हा ती सकाळ आडवी येते.

त्यांचा रविवार म्हणजे भलतंच प्रकरण. रविवार देवाचा. त्या दिवशी मास्तरांच्या घरी चूल पेटत नसे, शनिवारच्या भाकरी आणि चटणी. विहिरीचं पाणी शनिवारी भरलेलं. एसटीत बसायचं नाही, का तर ड्रायव्हरला आपल्यासाठी काम पडतं. माझा बूथ मात्र रविवारी जोरात चाले, कारण रविवारी दर कमी असायचे आणि गावोगावचे लोक त्याच दिवशी फोनला यायचे. मी देवळात जायचो आणि मेव्हण्याला खुर्चीवर बसवायचो. आपल्या परीने मी आज्ञा पाळत होतो. मास्तर एका सोमवारी चालत चौसाळ्याला आले.

"मेव्हण्याला बसवलंस म्हंजे देवाला दिसत न्हाई का रे?"

मी म्हणालो, मास्तर, रविवारी रेट कमी असतो, गिऱ्हाईक तेव्हाच येतं. ते म्हणाले, "देवाघरी हाफ रेट न्हाई." आणि आले तसे चालत गेले. मी बूथ बंद केला नाही. मी प्रभुभोजनाला, म्हणजे मेजावरचा पाव आणि द्राक्षारस घ्यायला, जायचं सोडलं. मला परवडत होतं. मेजापाशी गेलो नाही म्हणून माझं काही अडत नव्हतं.

ज्यांचं अडत होतं ते उसाला जाणारे. फडात रविवार नसतो. कारखान्याचं गाळप थांबत नाही, गाडीचा नंबर लागेल तेव्हा गाडी भरायची. एक दिवस बसला की खाडा धरतात आणि मुकादम सगळ्या टोळीदेखत शिव्या घालतो. हंगामभर देवळात न आलेली ही माणसं ईस्टरला प्रभुभोजनासाठी आशेने यायची. त्यांच्यासाठी मास्तरांनी एक रीत ठेवली होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी तयारीची सभा. त्यात उसावरून आलेल्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं आणि म्हणायचं, 'मी प्रभूचा दिवस मोडला, मला क्षमा व्हावी.' मग दुसऱ्या दिवशी मेजावर जागा. उभं नाही राहिलं तर नाही. ही रीत साहेबांच्या काळातली, असं मास्तर सांगत. असेलही. पण साहेबांच्या काळात आमची माणसं उसाला जात नव्हती.

उन्हाने काळी पडलेली, उसाच्या पाल्याने हातावर चरे उठलेली माणसं एकामागून एक उभी राहायची. बायका पदर दातात धरून बोलायच्या. आणि त्यांच्या आजूबाजूला आमचे नोकरदार बसलेले असायचे, कोणी बीडला कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत. ते कधी उभे राहिले नाहीत. त्यांना उभं राहायची गरजच नव्हती. त्यांचा रविवार सरकार पाळत होतं. मास्तर अन्याय करत होते असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. उभं राहणाऱ्यांनाही नाही. रडून मोकळं झाल्यासारखं वाटतं म्हणायचे.

मार्था ही मास्तरांची एकुलती एक लेक. गळा गोड. देवळातलं प्रत्येक गीत तिला तोंडपाठ. मास्तर जगात कोणाकडे बघून हसत असतील तर तिच्याकडे. तिला शिरूर कासारजवळच्या एका गावात दिली. नवरा सुधाकर वसतिगृहाची जीप चालवायचा, चांगला मुलगा. वसतिगृह बंद झालं तशी जीपही गेली. दोन वर्षं इकडेतिकडे काढून तो कोयत्याला लागला आणि तिथे कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. मार्थाही गेली. पहिल्या ईस्टरला ती सगळ्यांसोबत उभी राहिली, तेव्हा मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. दुःख नव्हतं त्यावर. लेकीला सवलत दिली नाही, याचं समाधान होतं.

तिला फडावर मुलगी झाली तेव्हा नाताळ सरून गेला होता. मुकादमाने माझ्या बूथवर फोन केला आणि मी सायकल मारत निरोप दिला. बाईंनी गूळ वाटला. बाप्तिस्मा ईस्टरला, असं मास्तरांनी लगेच ठरवलं. महिना झाला असेल नसेल, पुन्हा फोन आला. या वेळी सुधाकर होता. तान्हीला सर्दी झाली, छातीत भरली. दवाखाना लांब, त्या दिवशी गाडीचा नंबर. मार्था पाचटाच्या सावलीत पोरीला निजवून ऊस तोडत होती. दुपारी पाजायला गेली तर पोर गार. संध्याकाळी बांधावर पुरली. सकाळी टोळी दुसऱ्या गावाला हलली, तेव्हा कोणी येऊ नका.

मास्तर अंगणात चटईवर बसले होते. मी सांगितलं. बाई आत निघून गेल्या. मास्तरांनी विचारलं, प्रार्थना कोणी केली? मी म्हणालो, माहीत नाही. पाळक तिथे कुठला असायला.

मग त्यांनी विचारलं, "वार कोणता होता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. रविवार होता. मी सांगितलं, रविवार. मास्तरांनी मान खाली घातली आणि ती लवकर वर केली नाही. ते रडत होते, हे मी पाहिलं. पण आधी त्यांनी वार विचारला होता. इतकी वर्षं झाली, तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

त्या ईस्टरला तयारीच्या सभेला देऊळ भरलं होतं. मार्था मागच्या बाजूला, बायकांत, डोक्यावर पदर घेऊन भिंतीला टेकून बसलेली. उसावरून आलेले सगळे उभे राहिले, सुधाकरही राहिला, सगळ्यांनी म्हणायचं ते म्हटलं. मास्तर मेजाजवळ उभे होते.

"कोण राहिलं?" त्यांनी विचारलं.

 शेजारच्या बाईने मार्थाला कोपराने ढोसलं. मार्था बसल्या जागेवरूनच बोलली, आवाज न चढवता.

"मी उभी राहणार न्हाई, आबा. माझा रविवार त्यानं मोडला. आधी त्यानं उभं राहावं."

 एका म्हातारीने कानांवर हात ठेवले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना राग आला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना भीती वाटली होती. छप्पर कोसळेल की काय म्हणून माणूस वर पाहतो तसं त्यांनी वर पाहिलं आणि मग सभा संपवली.

सकाळी पाळक आला. पोरगेलासा, घामाघूम. त्याला सगळं कानावर घातलं गेलं. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या घरातली गोष्ट आहे, तुम्हीच बघा. परतीची गाडी दोनला होती.

पावाचं तबक मंडळीत फिरवायचं काम मास्तरांचं. लोक सतरंजीवर रांगेने बसलेले, मास्तर वाकून प्रत्येकापुढे तबक धरत. मार्था आली होती. उभी राहिली नव्हती तरी आली होती, आणि बाकीच्यांसारखीच रांगेत बसली होती. मी भिंतीकडेला, मेजाशी न जाणाऱ्यांत. तिथून मला सगळं दिसत होतं. मास्तर तिच्यापाशी आले. तिने उजवा हात पुढे केला. तळव्यावर कोयत्याचे घट्टे होते. तबक थांबलं नाही. तिच्या हातावरून पलीकडच्या बाईपुढे गेलं. त्या बाईला घ्यावं की नाही कळेना, मग तिने घाईघाईने तुकडा उचलला.

मार्थाचा हात थोडा वेळ तसाच होता. मग तिने तो लुगड्याला पुसला, जणू काही लागलं होतं. उठली, दाराशी गेली, चपला घातल्या. मेजाकडे पाठ करून, सरळ चालत. बाई तिच्यामागे गेल्या. उपासना चालू असताना बाई उठल्या, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. मास्तरांनी तबक शेवटपर्यंत फिरवलं, मेजावर ठेवलं, स्वतःचा तुकडा घेतला, डोळे मिटले. त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. तो तुकडा त्यांच्या घशाखाली कसा उतरला, मला माहीत नाही. उतरला मात्र.

काही दिवसांनी मी त्यांना गाठलं. मला राहवेना. म्हणालो, मास्तर, हात पुढे केला होता पोरीनं, क्षणभर थांबला असता तर काय बिघडलं असतं?

"ताट माझं असतं तर थांबलो असतो," ते म्हणाले. "ताट त्याचं होतं."

"त्याला विचारलं होतं का?"

मास्तर वळून चालू लागले. पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोललेच नाहीत.

मार्था पुन्हा देवळात आली नाही. बीडला तेव्हा नवे हॉल निघाले होते, कीबोर्ड आणि टाळ्यांचे, तिथे जाते असं कोणी उठवलं. खोटं होतं ते. ती कुठेच जात नव्हती. बाई दर उन्हाळ्यात शिरूरकडे जाऊन लेकीपाशी राहून येत. मास्तरांना विचारून नव्हे, सांगून जात. मास्तर दारापर्यंत येत आणि थांबत. मग एका पावसाळ्यात बाई वारल्या. मार्था आली, आईला न्हाऊ घातलं, आलेल्यांना जेवू घातलं, भांडी घासून पालथी घातली आणि बापाशी एक शब्द न बोलता संध्याकाळच्या गाडीने गेली. मास्तर घराच्या कोपऱ्यात कोट घालून बसून होते. देवाला कसं भेटायचं हे त्या माणसाला पावलापावलाने माहीत होतं. लेकीला कसं भेटायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत ते माझ्या बूथवर आले. फार थकले होते. म्हणाले, टोळी यंदा कुठं हाय ते फोन करून काढ. मी मुकादमाच्या घरून पत्ता काढला. ते म्हणाले, शनिवारी निघायचं, तू संगं चल. मी म्हणालो, मास्तर, शनिवारी निघालो तर पोचायला रविवार उजाडेल. ते म्हणाले, म्हाईत हाय. त्या रविवारी आमच्या देवळाला कुलूप होतं.

कराडच्या पुढे एका वस्तीजवळ उतरून आम्ही विचारत विचारत फडात पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. सगळी टोळी तोडीत होती. मार्थाने आम्हाला लांबूनच पाहिलं. कोयता थांबला नाही. मास्तर सऱ्यांतून, ढेकळांतून तिच्यापर्यंत गेले. सुधाकरने सलाम केला आणि बाजूला झाला. मास्तर उभे राहिले. देवळाच्या दाराशी थांबत तसेच थांबले, आणि 'या' काही कोणी म्हणेना. शेवटी स्वतःच बोलले. ती जागा दाखव म्हणाले, पोरीची. मला तिथं प्रार्थना करायची आहे.

"कोणती जागा?" मार्था म्हणाली. "तो फड हा न्हाई, आबा. तो कारखानाच दुसरा. आणि तो बांध त्याच साली मोडला, तिथं आता ऊस हाय."

मास्तर म्हणाले, मग मी प्रार्थना कुठं करू?

तिने हातातला ऊस शेंड्याचं वाढं छाटून बाजूला टाकला. म्हणाली, प्रार्थना तेव्हाच झाली. मीच केली. मास्तरांना ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. कोणीच तिला विचारलं नव्हतं.

"तुमचीच केली. तू पवित्र आहेस, तू पवित्र आहेस," ती म्हणाली. "दुसरी येतच न्हवती मला. मागायचं कसं ते तुमी शिकवलं कुठं?"

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती आणि पुढचा ऊस धरत होती. मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. क्षमा मागणार होते, असं मला वाटतं. निदान मी तरी तसं धरून चाललो आहे. पण आयुष्यात कधी देवापाशीसुद्धा काही न मागितलेला माणूस तो, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

तेवढ्यात मुकादम ओरडत आला. गाडीचा नंबर आला होता. सगळ्यांनी कोयते टाकले आणि मोळ्या उचलायला लागले. बायामाणसं डोक्यावर मोळी घेऊन, फळीवरून चढून गाडीत टाकत होती. मला कोणीतरी बाजूला सरकवलं. पाहतो तर मास्तर कोटाची बटणं काढत होते. त्यांनी कोट काढून ढेकळावर ठेवला. मास्तरांना कोटाशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. आतला सदरा खांद्यावर विरलेला होता. ते वाकले आणि मार्थाच्या पुढ्यातली मोळी उचलू लागले. ती त्यांच्याच्याने गुडघ्यापर्यंतही येईना. तरी सोडत नव्हते. रविवार होता, आणि शमुवेल मास्तर उसाची मोळी उचलत होते.

मार्था दोन पावलं मागे आली. तिने त्यांच्या हातांतून मोळी काढून घेतली. हिसकावून नव्हे, म्हाताऱ्याच्या हातून जड भांडं काढून घेतात तशी. मोळी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि तिच्या ओझ्याखालून म्हणाली,

"राहू द्या, आबा. आज तुमचा रविवार हाय."

आणि ती फळीवर चढली. गाडी भरेपर्यंत मास्तर तिथेच उभे होते. हात मोळी धरायला पुढे केले होते तसेच, रिकामे. येणारीजाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. पुढच्या ईस्टरपर्यंत ते राहिले नाहीत. मला ते आठवतात ते तिथे उभे असलेलेच, हात पुढे केलेले, आणि त्या हातांवर कोणी काही ठेवलं नाही.